कडी, पोपट आणि रिकामी खुर्ची: ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधलं पूर्वसूचन आणि बदलती नाती – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाट्यवाचनाच्या बैठकींत, महाविद्यालयीन तालमींत आणि परीक्षेच्या तोंडावर या नाटकाबद्दल तेच तेच प्रश्न माझ्याकडे येत राहतात. त्यांची उत्तरं एकदा सलग लिहून काढली आहेत. शेवट लपवलेला नाही, त्यामुळे नाटक अजून वाचलं नसेल तर आधी ते वाचा.

पूर्वसूचन म्हणजे नेमकं काय? पुढं काय होणार हे आधीच सांगून टाकणं?

सांगून टाकलं तर ती सूचना उरत नाही. पूर्वसूचनात एखादी वस्तू, वाक्य किंवा हालचाल आधी एका साध्या कारणासाठी येते आणि नंतर तिचा दुसरा अर्थ उघडा पडतो. पहिल्या वेळी ती खटकता कामा नये आणि दुसऱ्या वेळी विसरलेली असता कामा नये. लेखकाची सगळी कसरत या दोन अटींच्या मधल्या पट्ट्यात चालते.

ही कल्पना आपल्याकडे परदेशातून आलेली नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात ‘पताकास्थानक’ आहे, म्हणजे एका हेतूनं आलेलं बोलणं पुढच्या वेगळ्याच घटनेची सूचना देऊन जातं ती जागा. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात सीता रामाच्या बाहूवर डोकं ठेवून झोपली आहे. राम म्हणतो, हिचं सगळंच मला प्रिय आहे, असह्य आहे तो फक्त विरह. नेमक्या त्याच क्षणी प्रतिहारी, म्हणजे द्वारपालिका, येते आणि म्हणते, ‘देव, उपस्थितः’. तिला म्हणायचं असतं की रामाचा हेर दुर्मुख आला आहे. प्रेक्षक मात्र ऐकतो की विरह आला. दुर्मुख जी बातमी घेऊन आलेला असतो तिनं खरोखरच विरह येतो.

आधुनिक नाटकात हा झटका मुरवलेला असतो. शब्द जुळत नाहीत, वस्तू आणि वागणं जुळतं. तेंडुलकरांचं हे नाटक त्याचा मला माहीत असलेला सगळ्यात घट्ट विणलेला मराठी नमुना आहे.

नाटकाची थोडक्यात माहिती मिळेल का?

लेखक विजय तेंडुलकर, अंक तीन. १९६७ साली ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेनं ते रंगभूमीवर आणलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं होतं आणि लीला बेणारे साकारली सुलभा देशपांडे यांनी. १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपट केला. हिंदीत हे नाटक ‘खामोश! अदालत जारी है’ या नावानं गाजलं.

मुंबईची एक हौशी मंडळी ‘अभिरूप न्यायालया’चा, म्हणजे खोट्या खटल्याचा, प्रयोग करायला एका गावात येते. रात्रीच्या प्रयोगात अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांवरून खटला चालायचा असतो. प्रयोगाला अवकाश असतो. सामंत या गावातल्या माणसाला ऐन वेळी एका साक्षीदाराची भूमिका दिलेली असते आणि त्याला कोर्ट कसं चालतं ते दाखवायचं असतं. म्हणून एक लुटूपुटूचा खटला उभा करायचं ठरतं. त्यात आरोपी केली जाते मंडळीतलीच शिक्षिका, लीला बेणारे. आरोप भ्रूणहत्येचा. खेळ चढत जातो आणि तिचं खरं आयुष्य त्या पिंजऱ्यात उभं केलं जातं.

सगळे त्या कडीबद्दल बोलतात. तिच्यात एवढं काय आहे?

पडदा उघडल्यावर सामंत आणि बेणारे त्या हॉलमध्ये शिरतात. दाराच्या कडीत बेणारेचं बोट चिमटलेलं असतं आणि ती ते चोखत असते. सामंत ओशाळून समजावतो, की ही कडी जरा त्रासदायकच आहे. नीट ओढली नाही तर बोटाला लागतं, आणि थोडी जरी बाहेर राहिली आणि दार लोटलं, तर माणूस आतच अडकतो.

नाटकाचं हे पहिलंवहिलं संभाषण. यजमान पाहुणीला घराच्या खोडी सांगतो तितकं साधं. प्रेक्षक तेव्हा अजून खुर्चीत सावरून बसत असतो, शेजारचा उशिरा येऊन पाय ओलांडत असतो. तेवढ्यात तेंडुलकरांनी सगळं नाटक हातात देऊन टाकलेलं असतं.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी बेणारेला खेळ सोसवत नाही. ती आपली पर्स वगैरे उचलून दाराकडे जाते, दार ओढते आणि ते उघडत नाही, कारण बाहेरून कडी पडली आहे. कुणी मुद्दाम घातलेली नाही. कडीच तशी आहे, हे आपल्याला तासाभरापूर्वीच सांगितलेलं असतं.

माझ्या मते तेंडुलकरांनी इथं एक मोठा मोह टाळला. दार एखाद्या पात्रानं अडवलं असतं तर तो खलनायक ठरला असता आणि बाकीचे सुटले असते. कडी आपोआप पडल्यामुळे कुणाचाच हात दिसत नाही आणि अडवायला सगळेच मोकळे राहतात. तिसरा अंक सुरू होतो तेव्हा माणसं दुसऱ्या अंकाच्या शेवटी होती तिथंच असतात. म्हणजे मध्यंतरातही त्या दाराची कडी निघालेली नसते.

त्या बोटाकडेही लक्ष द्या. बेणारेला या घरातली पहिली इजा इथं होते, ती इतकी किरकोळ असते की ती हसून सोडून देते, आणि इजेनंतर जवळ उभा असतो सामंत. नाटकाच्या अखेरीसही तिच्याजवळ तोच जातो.

पहिला अंक संथ वाटतो. स्पर्धेच्या वेळेत बसवायला थोडा कापला तर चालेल का?

कापू नका. हे अनुभवानं सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका तालुक्याच्या गावी याचा प्रयोग केला. वेळ कमी होता, म्हणून सुरुवातीची सामंत-बेणारेची दहा-बारा मिनिटं मी छाटली आणि नाटक मंडळी आल्यावर सुरू केलं. दुसऱ्या अंकात बेणारेनं दार ओढलं, ते उघडलं नाही, आणि प्रेक्षागृहातून आवाज आला, ‘अहो, सेट अडकला वाटतं!’ लोकांना वाटलं, नेपथ्याचं दार खरंच बसलं. आमची बेणारे दाराला धडका देत होती आणि मागच्या रांगेत कुणीतरी मदतीला उठलं होतं. त्या गृहस्थांचं काहीच चुकलं नव्हतं. कडीची ओळख मीच करून दिली नव्हती.

त्या कापलेल्या मिनिटांत मी आणखीही बरंच घालवलं होतं, हे पुढच्या प्रयोगाला कळलं. शाळेत आपल्याविरुद्ध चौकशी चालू आहे, हे बेणारे तिथंच सामंताला उडत उडत सांगते. आठ वर्षांत कधी उशीर नाही, पहिल्या घंटेला आपलं पाऊल उंबऱ्यावर असतं, हे ती अभिमानानं सांगते. माझं आयुष्य माझं आहे, ते मी कुणाला विकलेलं नाही, हा तिचा सूर तिथंच लागतो. हे ऐकलेला प्रेक्षक तिसऱ्या अंकातली नोकरी गेल्याची बातमी ऐकून दचकत नाही. त्याच्या पोटात खड्डा पडतो, कारण ते त्याला आधीपासून कुठंतरी माहीत असतं.

बेणारे सुरुवातीला सगळ्यांची टिंगल करते. तिथंच ती प्रेक्षकांच्या मनातून उतरत नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण नाट्याची वीण इथंच हाती लागते.

मंडळी यायच्या आधी बेणारे सामंतापुढं एकेकाची ओळख करून देते. समाजकार्याचा ध्यास घेतलेले काशीकर. पाळण्याची दोरी जिच्या हाती वगैरे बोलणाऱ्या त्यांच्या पत्नी, ज्यांच्या घरात पाळणाच हललेला नाही. वकिलांच्या खोलीत एकटे माशा मारत बसणारे सुखात्मे. शास्त्रज्ञाचा आव आणणारा, पण इंटर नापास झालेला पोंक्षे. काशीकरांच्या आश्रयानं वाढलेला बाळू रोकडे. आणि एक बुद्धिवंत प्राध्यापक, ज्यांना पुस्तकातलं सगळं येतं, पण आयुष्यातला खरा प्रश्न समोर आला की जे पळ काढतात.

प्रेक्षक हसतो. आता दुसरा आणि तिसरा अंक ही यादी समोर ठेवून वाचा. जिथं बेणारेनं बोट ठेवलं होतं, तिथूनच प्रत्येक जण तिच्यावर उलटतो. ज्याला कधी खटला मिळाला नाही, त्या सुखात्म्यांना आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण खटला मिळतो, आणि तोही दोन्ही बाजूंचा, कारण फिर्यादीचे आणि आरोपीचे वकील तेच. मूल नसलेली बाई अविवाहित स्त्रीच्या गर्भाबद्दल साक्ष देते. कायम दबलेल्या रोकड्याला पहिल्यांदाच सगळे कान देऊन ऐकतात. नापास शास्त्रज्ञ पुरावा मांडतो, तिच्याजवळच्या टिक-ट्वेंटी या विषाच्या बाटलीचा.

म्हणून तिची टिंगल हे पात्रपरिचयाचं निमित्त नाही. प्रत्येकाची उणीव आणि तिच्यामुळे आलेली भूक तिथं मांडून ठेवली आहे. पूर्वसूचन आणि नात्यांतले बदल या नाटकात दोन वेगवेगळ्या गोष्टी म्हणून मला कधी शिकवताच आल्या नाहीत. पुढं काय घडणार याची सूचना इथं नसतेच. कोण कुणाशी कसं वागेल याची ती असते.

ती मनातून उतरते का? थोडीशी उतरली तर बिघडत नाही. नंतर ती पिंजऱ्यात गेल्यावर आपण आपलं आधीचं हसू आठवतो आणि अवघडतो.

प्रा. दामले आणि रावते ही दोन पात्रं येतच नाहीत. मग त्यांचा उल्लेख कशाला?

रावते आजारी आहे, म्हणून त्याची भूमिका सामंताकडे जाते, आणि सामंताला शिकवायचं म्हणून खेळ सुरू होतो. त्याच्या गैरहजेरीचं काम तेवढंच.

दामल्यांची, म्हणजे बेणारेच्या यादीतल्या त्या बुद्धिवंत प्राध्यापकांची, गैरहजेरी फार खोल आहे. रात्रीच्या प्रयोगात त्यांची भूमिका कोणती आहे ते पाहा: आरोपीचे वकील! म्हणजे बेणारेचा बचाव करायची जबाबदारी ज्या माणसावर खऱ्या आयुष्यात होती, त्यालाच तेंडुलकरांनी खेळातही बचावाचं काम दिलं, आणि दोन्हीकडे तो आलाच नाही. पहिल्या अंकात बेणारे खात्रीनं सांगते की ते येणार नाहीत, यायचं धाडस त्यांना होणार नाही. तेव्हा ते एका विसरभोळ्या सहकाऱ्यावर काढलेलं तोंडसुख वाटतं. शेवटी कळतं की ती होणाऱ्या मुलाच्या बापाबद्दल बोलत होती.

बसवताना आम्ही एक खुर्ची अखेरपर्यंत रिकामी ठेवतो. तिच्याकडे कुणी बोट दाखवायचं नाही, तिच्यावर खास प्रकाश टाकायचा नाही. फक्त त्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही.

हा ठरवून केलेला कट होता का?

तिला आरोपी करायचं हे ती आत तोंड धुवायला गेलेली असताना ठरतं, एवढ्यापुरता कट आहे. पण पूर्ण गोष्ट कुणालाच माहीत नसते. रोकड्यानं तिला दामल्यांच्या खोलीवर पाहिलेलं असतं. पोंक्ष्याला तिनं लग्नाबद्दल विचारलेलं असतं. मंडळीतल्याच कर्णिकाला तिच्या लहानपणचा, मामाच्या प्रेमातला भूतकाळ ऐकून माहीत असतो. काशीकरांनी शाळेच्या वर्तुळातलं काही कानावर घेतलेलं असतं. प्रत्येकाच्या खिशात एकेक तुकडा. कोर्ट म्हणजे ते तुकडे टेबलावर ठेवायला मिळालेली जागा.

कट मानून बसवलं की नट पहिल्या अंकापासून एकमेकांकडे सूचक बघायला लागतात आणि सगळं मातीमोल होतं. खेळ शिकारीकडे वळतो आहे हे पात्रांनाही हळूहळू कळायला हवं.

नाती नेमकी कोणत्या क्षणी बदलतात?

एक क्षण दाखवता येणार नाही, पण उतरण दाखवता येते.

बेणारे गुणगुणत बाहेर येते आणि तिला ‘अटक’ होते. आरोप वाचला जातो. ती थिजते. इथं सहकारी आणि आरोपी हे दोन संबंध एकमेकांवर चढतात. तिच्या थिजण्याचं कारण एका प्रेक्षकाला सुद्धा कळलेलं नसतं, पण वातावरण गढूळ झालेलं सगळ्यांना कळतं.

मग ती सावरते, चेष्टा करते, कोर्टाला वाकुल्या दाखवते. दुसऱ्या अंकाचा बराच भाग ती खेळात भाग घेत असते. आरोपी अजून वरचढ आहे. रोकड्याच्या तोंडून दामल्यांच्या खोलीचा उल्लेख निसटतो तिथं पारडं कलतं. तो बोलून जातो आणि मग मागं घेता येत नाही. मागं घेऊ दिलं जात नाही, असं म्हणणं जास्त बरोबर.

यानंतर वाक्यांची लांबी मोजा, मी विद्यार्थ्यांना खरंच पेन्सिल घेऊन मोजायला लावतो. पहिल्या अंकात सगळ्यात जास्त बोलणारं माणूस बेणारे आहे. तिसऱ्या अंकात कोर्ट तिला प्रश्नामागून प्रश्न विचारतं आणि ती गप्प असते. तिच्या तोंडून एक एक शब्द कमी होत जातो आणि इतरांच्या तोंडी वाढत जातो. मंडळीतली बेणारे आता ‘आरोपी’ एवढीच उरते. नात्यांचा आलेख काढायचा तर तो इथं आहे.

सौ. काशीकर एक स्त्री असून इतकी कठोर का?

त्यांचा नवरा त्यांना नाटकभर गप्प करतो. त्या बोलायला तोंड उघडतात आणि तो चारचौघांत मध्येच तोडतो. एकीकडे तो बायकोसाठी गजरा घेतो ही कौतुकाची गोष्ट म्हणून मिरवली जाते, दुसरीकडे तिचं वाक्य पुरं होऊ देत नाही. हा पाणउतारा पहिल्या अंकापासून शिल्लक साठत असतो. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मात्र त्यांना कुणी थांबवत नाही. मिळवती, एकटी, हसरी, पुरुषांत मोकळेपणानं वावरणारी बाई समोर उभी आहे, आणि स्वतःच्या मुकाट्यानं जगण्याचं मोल राखायचं तर ती बाई चुकलीच असली पाहिजे. बेणारेला ओढून पिंजऱ्यात आणायला त्याच पुढं सरसावतात.

कजाग बाई म्हणून ही भूमिका करू नका. साक्षीच्या वेळी त्यांचा चेहरा खुललेला हवा.

काशीकरांच्या बोलण्यात आगरकर आणि धोंडो केशव कर्वे यांचा उल्लेख का येतो?

बालविवाहाची प्रथा पुन्हा सुरू करावी इथवर ते जातात आणि समाज बिघडवल्याचा दोष या दोन सुधारकांवर ठेवतात. हे वाक्य इतर भाषांत नुसतं मत म्हणून जातं. मराठी प्रेक्षकाला ते आपल्या घरात घुसलेलं ऐकू येतं, कारण सुधारकांची नावं घेत मोठ्या झालेल्या मध्यमवर्गातलाच एक ‘समाजकार्यकर्ता’ ते बोलतो आहे. शिक्षा कोणती होणार याचीही ही सूचनाच आहे.

त्या शिक्षेत आणि आरोपात काही संबंध आहे का?

आहे, आणि पहिल्या वाचनात तो हमखास निसटतो. आरोप काय होता? भ्रूणहत्या. तो वाचला जातो तेव्हा बेणारेच्या पोटात मूल आहे आणि ते वाढवायचं तिनं ठरवलेलं आहे. म्हणजे तिनं न केलेल्या गुन्ह्याबद्दल खटला सुरू होतो. निकाल काय लागतो? तिच्या पोटातला गर्भ नष्ट करावा. ज्या गोष्टीला कोर्टानं गुन्हा म्हटलं तीच गोष्ट कोर्ट शिक्षा म्हणून सांगतं. आरोपाचा शब्द पहिल्या अंकापासून कानावर आहे, पण गुन्हेगाराची जागा शेवटी बदलते. मराठी नाटकात पूर्वसूचनाचा याहून निष्ठुर उपयोग मी वाचलेला नाही.

आणि निकाल द्यायच्या आधी न्यायाधीश झालेले काशीकर स्वतः खुर्चीवरून उतरून साक्ष देतात! नियम पाळायचा आव शेवटचा गळून पडतो तो इथं.

सामंत चांगला की वाईट?

चांगला. आणि सगळ्यात मोठा घाव त्याच्याच हातून बसतो.

त्याला साक्षीदार म्हणून काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून तो एका स्वस्त कादंबरीतला प्रसंग आपलाच अनुभव असल्यासारखा सांगत सुटतो. दामल्यांच्या दाराशी आपण उभे होतो, आतून बाईचा आवाज आला, या अवस्थेत मला टाकलंत तर मी जाऊ कुठं, अशा थाटाचं. सामंताच्या लेखी ती निव्वळ थाप असते. नेमकी तीच खरी निघते. पहिल्या अंकात बेणारेनं ज्याच्याशी मनातलं बोललं, ज्याच्याबरोबर सगळ्यांना सोडून कुठंतरी निघून जावंसं वाटतं म्हणाली, तोच माणूस अजाणता तिचं गुपित फोडतो. इतरांना जे धाडस होत नव्हतं ते त्याच्या भोळेपणानं करून टाकलं.

त्याच्याजवळ पुतण्यासाठी घेतलेला एक हिरवा कापडी पोपट असतो. सुरुवातीला तो फक्त त्याचा साधेपणा दाखवतो. अखेरीला सगळे पुन्हा प्रयोगाच्या तयारीला लागतात, बेणारे निपचित पडलेली असते, आणि सामंत दबकत येऊन तो पोपट तिच्याजवळ ठेवतो. लहान मुलाचं खेळणं, जिच्या मुलाला आत्ताच मरणाची शिक्षा झाली तिच्याजवळ. त्याला तिची समजूत घालायची असते आणि त्याच्याकडे दुसरं काही नसतं. तिच्या आवाजात चिमणीची आणि पोपटाची कविता ऐकू येते, घरटं हरवलेल्या चिमणीची. पोपटाची पेरणी इथं पूर्ण होते.

बेणारेचं शेवटचं मोठं स्वगत बाकीची पात्रं ऐकतात का?

कोर्ट तिला निवेदनासाठी दहा सेकंद देतं. ती बोलायला लागते तेव्हा बाकीचे सगळे जागच्या जागी गोठलेले असतात. दहा सेकंदांच्या पोटात काही मिनिटांचं भाषण मावतं. ते संपल्यावर कोर्ट असं पुढं चालतं की जणू ती काही बोललीच नाही. माझं मत स्पष्ट आहे: कुणी ऐकलेलं नाही. तिच्या आत चाललेलं ते आहे आणि आपल्याला ते ऐकायची मुभा मिळाली आहे. काही दिग्दर्शक गोठलेल्यांपैकी एखाद्याची मान हलवून पाझर दाखवतात. मला ते पटत नाही. त्यामुळे प्रेक्षकाच्या खांद्यावरचं ओझं कमी होतं.

हे नाटक ड्युरेनमॅटच्या कथेवरून घेतलं आहे, असं म्हणतात. मग श्रेय कुणाचं?

फ्रीडरिश ड्युरेनमॅट या स्विस लेखकाच्या ‘डी पाने’ या १९५६ सालच्या कथेशी साम्य आहे, हे समीक्षकांनी वेळोवेळी सांगितलं आहे. तिथं ट्राप्स नावाच्या फिरत्या प्रतिनिधीची मोटार बंद पडते. मुक्कामाच्या घरी निवृत्त न्यायाधीश आणि वकील जेवताना खटल्याचा खेळ खेळतात आणि तो आरोपी बनतो. दुसरीकडे, विलेपार्ल्याला अभिरूप न्यायालय करायला निघालेल्या हौशी कलावंतांचं बोलणं तेंडुलकरांच्या कानावर पडलं आणि त्यातून बीज मिळालं, असंही सांगितलं जातं.

मला फरक महत्त्वाचा वाटतो. ट्राप्स त्या घरात परका आहे, त्याचं कुणाशी मागचं नातं नाही. बेणारे सगळ्यांची रोजची आहे, त्यांच्याबरोबर प्रवास करून आलेली आहे. म्हणून तिथं कबुली आहे आणि इथं विश्वासघात आहे. नात्यांचं जे नाटक आपण बघतो ते मूळ कथेत असायला जागाच नव्हती.

नटानं पूर्वसूचन ‘खेळायचं’ कसं?

खेळायचं नाही. पात्राला पुढचं माहीत नसतं. कडीबद्दल सांगणारा सामंत खरोखर फक्त बोटाची काळजी करत असतो. तिथं पॉज घेतला, आवाज खाली आणला, पार्श्वसंगीताचा एक सूर सोडला की प्रेक्षक सावध होतो आणि मग सबंध नाटकभर दाराकडेच बघत बसतो.

बेणारेचं मात्र वेगळं. तिला एक गोष्ट माहीत आहे, ती गर्भवती आहे. त्यामुळे तिच्या उत्साहाखाली सतत काहीतरी दाबलेलं असतं. सुलभा देशपांडे स्वतः शाळेत शिकवत होत्या. वर्गात उभं राहायची सवय असलेल्या बाईचा खणखणीतपणा ही या भूमिकेची पहिली गरज आहे, दुःख नंतर. पहिल्याच प्रवेशात खिन्न दिसणारी बेणारे मी अनेक स्पर्धांत पाहिली आहे आणि प्रत्येक वेळी तिसरा अंक कोसळलेला पाहिला आहे.

माझ्या एकांकिकेत हे तंत्र वापरायचं असेल तर सुरुवात कुठून करू?

शेवटाकडून. शेवटच्या प्रसंगात कोण कुणाला दुखावतो ते एका ओळीत लिहा. मग विचारा, दुखवायचं साधन त्याला कुणी दिलं? उत्तर ‘दुखावलेल्या माणसानंच, विश्वासानं किंवा मजेत’ असं आलं तर चांगलं काहीतरी हाती लागलं आहे. ते देणं पहिल्या पाच-सात मिनिटांत टाका, आणि त्याला तिथं स्वतःचं एक साधं काम असू द्या: हसवायचं, ओळख करून द्यायचं, वेळ घालवायचा.

वस्तू एक किंवा दोन पुरेत. चाळीस मिनिटांच्या एकांकिकेत पाच सूचक वस्तू आल्या की रंगमंच जुन्या बाजारासारखा दिसतो.

चित्रपट पाहिला तर नाटक वाचायची गरज आहे का?

आहे. कॅमेरा तुम्हाला काय बघायचं ते सांगतो. नाटकात कडी, पोपट आणि पिंजरा सगळा वेळ एकत्र समोर असतात आणि निवड तुमची असते.

शेवटी दार उघडतं. मग बेणारे उठून जात का नाही?

बाहेरून गावकरी दार उघडतात, आत डोकावतात, खेळ सुरू झाला का विचारतात. एका क्षणात सगळे माणसात येतात, हा नुसता खेळ होता म्हणतात, तिला उठायचा आग्रह करतात. दुसऱ्या अंकात जे दार उघडावं म्हणून ती जिवाच्या आकांतानं ओढत होती, ते आता सताड उघडं असतं. ती हलत नाही.

तेव्हा तिला जाण्यासाठी जागा होती: शाळा, मुलं, पहिली घंटा, येणारं बाळ, आणि कुठंतरी शिल्लक असलेली दामल्यांची आशा. दोन अंकांच्या मधे ती एकेक करून काढून घेतली गेली. प्रयोग बसवणाऱ्यांना माझी विनंती आहे की गावकरी मागं सरकल्यावर त्यांनी दार ओढून घेऊ नये. ते उघडंच राहू द्या, पलीकडून संध्याकाळचा थोडा उजेड आत येऊ द्या, आणि पडदा पडेपर्यंत बेणारेनं तिकडं एकदाही पाहू नये.